बुरजाईची ओटी

माधवनगर, १५ मार्च

साक्षे,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, आपल्या कॉमिकच्या पेजवरून स्वतःचं नाव काढून टाकलंस. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून फाडायला निघाली असशील तर थांब. खालच्या चार ओळी वाच आणि मग खुशाल फाड.

आज्जीला गावातून घेऊन जा. साताऱ्यात तुझ्या खोलीवर ने, नाहीतर आणखी कुठं, पण चैत्र पौर्णिमेच्या आत ने. यंदा पौर्णिमा, म्हणजे बुरजाईची यात्रा, बारा एप्रिलला आहे.

आता कारण. आपल्या गावाच्या वेशीवर अकरा फुटांचा फ्लेक्स लागलाय. त्यावर आपल्या वेबकॉमिकातली बुरजाई आहे. म्हणजे तुझी आज्जी आहे, बनाबाई. शेंगा फोडत बसलेल्या आज्जीचे मी फोटो काढले होते, ते समोर ठेवून, साठ वर्षं पुसून, मी बुरजाईचा चेहरा केला होता ना? तूच म्हणाली होतीस की हनुवटीवरचं गोंदण राहू दे. तीन ठिपके आणि खाली एक. त्या चार ठिपक्यांनी घात केला. सगळ्या तालुक्यात स्टेटसला फिरलेला तो चेहरा गावानं ओळखला, आणि कुणीतरी म्हणालं, बुरजाई बनाबाईच्या रूपानं परत आली. झालं! आता बायका तुमच्या दारात येऊन पाया पडतायत.

फ्लेक्स कुणी केला, चित्र कुठून मिळवलं, मला ठाऊक नाही. पेजवरून कुणीही उचलू शकतं.

तू कविता करतेस तशी मला पत्रं लिहिता येत नाहीत. मी आपली चौकटी आखणारी. पण ये गं.

अंकिता

—

माधवनगर, २२ मार्च

साक्षी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज जिन्यातल्या पेटीत हात घालून बघतेय. घरमालकीण म्हणाली, "कुणाचं पत्र यायचंय गं? ठरलं का काय कुठं?" मी म्हटलं, ठरलेलं मोडलंय.

परवा गावी जाऊन आले. तुमच्या दारात गेले नाही, पलीकडच्या लिंबाखाली चोरासारखी उभी राहिले. उंबऱ्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं होतं. आज्जी ओलं फडकं घेऊन बसून ते पुसत होती. तेवढ्यात आणखी दोघी आल्या, आमच्याच भावकीतल्या. वाकल्या तशी आज्जी म्हणाली, "आजवर ह्या दारात पानी प्याया कुनी आलं न्हाई. आता पाया पडाय आलायसा व्हय?"

त्या दोघी हसल्या. त्यांना वाटलं देवी रागावली. देवीचा राग म्हणजे प्रसादच, म्हणून आणखी खाली वाकल्या.

ज्या बाईनं दहाव्या वर्षी, ह्याच गावातल्या माहेरी, वडिलांचं बोट धरून घरातले देव पाटीत घालून येरळेच्या पाण्यात सोडले, त्या बाईलाच आता देव केलंय. हे तिनं सांगितलं तेव्हा आपण दोघी तिच्या चुलीपाशी होतो. "बाबासाहेबांनी सांगितलं, आमी सोडलं. बुरजाचा पयला दिवा आमच्या घरचा हुता, त्यो बी सोडला," असं म्हणून तिनं शेंग फोडली होती. तिच्या वडिलांनी सोडलेला तो दिवा आमच्या घरानं उचलला, हे मात्र आमच्याकडं कुणी सांगत नाही. आमच्याकडं सांगतात, मान पहिल्यापासून आमचाच.

आता ती गोष्ट लिहिते. तुला पाठ आहे, तुझ्याच आज्जीची आहे. तरी मला एकदा स्वतःच्या हातानं खरी लिहू दे, कारण चित्रात मी ती खोटी केली.

बादशाही अमलातली गढी. पूर्वेचा बुरूज उभा राहीना, तीनदा ढासळला. मग गढीवाल्याला स्वप्न पडलं, बुरूज बळी मागतोय. गाव म्हणतं, तुमच्या वस्तीतली एक बाई, सात महिन्यांची गरोदर, हिरवं लुगडं नेसून, हसत, आपल्या पायांनी बुरजाच्या पायात जाऊन बसली. गावासाठी.

आज्जी म्हणते, तिला सारवायला बोलावलं होतं. शेणाची पाटी घेऊन ती खाली उतरली. वर गावच्या बायका होत्या. त्या म्हणाल्या, सातवा महिना हाय, बस, वटी भरतो. ती हरखली. तिची ओटी गावानं कधी भरली नव्हती. ती बसली, पदर पसरला, मान खाली घातली. ओटी भरताना बाई उठत नाही, साक्षी. भरून होईपर्यंत हलायचं नाही, हे आपल्याला परकरात असल्यापासून शिकवतात. तिच्या पदरात तांदूळ पडले, खोबऱ्याची वाटी पडली, हळकुंडं पडली, मग पाठीमागून माती पडायला लागली आणि तरी थोडा वेळ ती तशीच बसली, कारण ओटी भरायची चालली होती.

तू सातवा भाग असाच लिहून दिला होतास. अकरा चौकटी. शेवटचा संवादाचा फुगा तू रिकामा ठेवायला सांगितला होतास. मी काढलंही तसंच. पोस्ट करायच्या दिवशी वीरधवल आला. माझा सख्खा भाऊ, त्यात यात्रा कमिटीचा अध्यक्ष. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "अंके, हितं आपल्या आज्ज्या-पणज्या खुनी दिसत्यात गं. उद्या गावात त्वांड कसं दावायचं?" मी दोन फुगे बदलले. रिकाम्या फुग्यात लिहिलं, "गावासाठी मी जाते." आणि कपाळावर कुंकू, ओठांवर हसू काढलं. तुला न विचारता. दहा मिनिटांचं काम.

त्यानंतर तू फोनवर एकच वाक्य बोललीस, "तूपण तिला गाडलंस." मी तुला म्हटलं होतं, बाई, कॉमिक आहे, एवढं काय? ते आठवलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

हे रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. सही करून घे.

अंकिता

—

माधवनगर, ३० मार्च, पाडवा

साक्षी,

रजिस्टर परत आलं. पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात "घेण्यास नकार". बरोबर आहे. हे साध्या टपालानं टाकतेय, निदान दाराच्या फटीतून आत तरी सरकेल.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. फ्लेक्स कुणी केला ते मला ठाऊक आहे. मी केला.

सांगलीत मी फ्लेक्सच्या दुकानात काम करते हे तुला माहीत आहे, मग पहिलं पत्र वाचतानाच तू ओळखलं असशील. चोराच्या मनात चांदणं. वीरधवलनं पेनड्राइव्ह आणला, मी मोठी फाइल त्यात घालून दिली, आणि वर स्वतःच मशीनला लावली. फ्लेक्स वरून खाली छापत येतो. आधी केस आले, मग कुंकू, मग आज्जीचे डोळे. गोंदण यायला बराच वेळ लागला. मशीन मधे बंद करता येतं, लाल बटण आहे, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मी दाबलं नाही. उलट हनुवटी जरा फिकट आली म्हणून पुन्हा छापला.

का, विचारशील. आबांसाठी. आमचे आबा, सुभेदार मानसिंग, पंचवीस वर्षं फौजेत, त्यांना माझी चित्रं म्हणजे रेघोट्या. शाळेत बक्षीस आणलं तरी म्हणायचे, "भाकरी थापता येती का?" त्या फ्लेक्सखाली चार माणसं होती. आबांनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पोरीनं काढलंय." बस एवढंच. मी सत्तावीस वर्षं त्या हाताची वाट बघत होते, आणि तो मिळाला म्हणून मी आनंदानं रडले. तुझ्या आज्जीच्या चेहऱ्याखाली उभी राहून.

अजून आहे. फ्लेक्सवर भागलं नाही. पौर्णिमेला गावच्या बायका वाजतगाजत तुमच्या दारी येणार, आज्जीला पाटावर बसवून ओटी भरणार आणि मग पालखीच्या पुढं तिला बुरजापर्यंत नेणार. पहिली ओटी मी भरायची, कारण चित्र माझं. मी वीरधवलला म्हटलं, अरे त्या बौद्ध आहेत, त्यांना चालत नाही, आणि ओटीचं तर अजिबात नको. तो खरंच गोंधळला गं. म्हणाला, "आमी मान देतोय, आनि त्येस्नी अपमान वाटतोय? इतकी वरसं दिला न्हाई म्हनून बोलत्यात, आता देतोय तर नगं?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं. तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पेज बंद केलं तर? चित्र आता माझं राहिलंच नाही, प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. खरी गोष्ट टाकली तर? घरचं दार बंद. आणि ती गोष्ट तुझी आणि आज्जीची, ती माझ्या हातानं पुन्हा न विचारता कशी टाकू? माझ्याकडं आज्जीचं रेकॉर्डिंग आहे, चुलीपाशी सांगितलेलं सगळं. रोज ऐकते. शेवटी तू खोकतेस तेही त्यात आहे.

साक्षी, मला काही सुचत नाही. मला शिव्या देणारं एक पोस्टकार्ड तरी टाक. "हो" किंवा "नको" एवढंच लिही. नुसती तुझ्या नावाची सही कर.

अंकिता

—

कडेगाव, एस.टी. स्टँड, ८ एप्रिल

साक्षी,

गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येईल. आज आज्जीकडं गेले. लिंबाखाली नाही, दारात.

ती म्हणाली, "आलीस? ये. का तू बी पाया पडाय आलीस?"

मी सगळं सांगितलं. फुगे, कुंकू, पेनड्राइव्ह, लाल बटणसुद्धा. ती तांदूळ निवडत होती, सूप थांबलं नाही. मग म्हणाली, "माजं त्वांड घेतानी मला इचारलं हुतंस का?"

"नाही."

"साक्षीनं?"

"तिनंही नाही विचारलं, आज्जी. आम्हाला वाटलं तुम्हाला आवडेल."

"लोकास्नी आमचं कायबी घेताना असंच वाटतं." आणि सूप आपटलं. "दाव मला."

तिनं आपलं कॉमिक कधी बघितलंच नव्हतं! आठ महिने आपण तिच्या घरात बसून तिची गोष्ट काढली आणि तिला एकदाही फोन दाखवला नाही. मी एकेक चौकट पुढं सरकवत गेले. ती चष्मा नाकावर दाबून बघत होती. बुरूज बघून म्हणाली, "दगडं ब्येस काढल्यात." सातव्या भागातल्या बाईवर आल्यावर बराच वेळ बघत राहिली. मग गोंदणावर बोट ठेवलं, चित्र मोठं झालं, दचकून तिनं हात मागं घेतला.

"हसतीया कशापायी ही?"

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

तुझं कळलं. तू पहिलं पत्र वाचलंस, त्याच दिवशी फोन केलास, चल म्हणून रडलीस, आणि आज्जीनंच नाही म्हटलं. "माजं घर सोडून मी का जाऊ? मी काय चोरी किली?" असं म्हणाली म्हणे तुला. मी इकडं तुला मनातल्या मनात दगड म्हणत होते. माफ कर.

मी विचारलं, "आज्जी, खरी गोष्ट टाकू का? तुमच्या आवाजातली. तुम्ही नको म्हटलंत तर इथंच, तुमच्यासमोर पुसून टाकते."

ती म्हणाली, "आवाज लाव. आवाज माजा हाय, त्यो मी देतीया. पर माजं त्वांड काड तिथनं."

"मग बुरजाईला कुणाचं तोंड देऊ?"

"ती वटीकडं बगत हुती न्हवं? खाली मान हुती. तिचं त्वांड कुनी बगितलंच न्हाई. वटी भरनाऱ्यांची त्वांडं काड. ती समद्या गावाला ठावं हायती."

साक्षी, सातव्या भागात मी त्या बायका काढल्या होत्या, पण सगळ्या पाठमोऱ्या. तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या आलं नव्हतं.

निघताना म्हटलं, मला भीती वाटते आज्जी, घरी कळलं तर... ती म्हणाली, "मग नगं टाकू. पौर्निमेला तांदूळ घिऊन ये." रागानं नाही म्हणाली. उद्या दूध जास्त लागेल असं सांगावं तसं म्हणाली.

गाडी लागली. हे इथल्याच पेटीत टाकते.

अंकिता

—

आपलं गाव, १३ एप्रिल

साक्षी,

काल पौर्णिमा झाली. जसं झालं तसं सांगते, चित्र करत नाही.

तीन दिवस दुकानातून रजा काढून सातवा भाग पुन्हा काढला. बुरजाईची मान खाली आहे, चेहरा नाही, नुसता भांग आणि पसरलेला पदर. समोर चार बायका. एक माझी आई, एक चुलती, एक कमिटीतल्या एकाची बायको, आणि चौथी, तांदळाची पहिली मूठ धरलेली, मी. माझं नाक मला नीट काढता येत नाही, तू नेहमी हसायचीस. यावेळी नीट आलं. सकाळी सात वाजता आज्जीच्या आवाजासकट टाकलं. खाली लिहिलं की आधीचा भाग मी खोटा केला, चेहरा न विचारता घेतला, फ्लेक्स मी छापला. आणि फोन बंद केला. नऊ वाजता आईच्या मागून, हातात ताट घेऊन, तुमच्या दारात गेले. हो, गेले. घरात कुणी अजून बघितलं नव्हतं, आणि तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. बोटानं शूर, जिभेनं भित्री. तुला ठाऊकच आहे मी.

हलगी वाजत होती. पन्नास-साठ बायका. तुझ्या वडिलांनी, मिलिंदकाकांनी, दारात आडवे हात धरले होते. वीरधवल हात जोडून त्यांना विनवत होता. आणि आज्जी स्वतःच बाहेर आली. म्हणाली, "मिलिंदा, बाजूला हो. बगू दे मला कशी भरत्यात." आली आणि पाटावर बसली.

बसली, आणि तिच्या हातांनी आपोआप पदर पसरला. साक्षी, मला ते बघवलं नाही. एकोणऐंशी वर्षांची बाई, तिला ती गोष्ट सगळ्यांपेक्षा जास्त माहीत, तरी हातांना सवय होती. मान पण खाली गेली. माझ्या चित्रातलीच चौकट माझ्यासमोर होती, आणि मूठभर तांदूळ माझ्या हातात होते. आई मागून म्हणाली, "घाल की गं."

माझा हात पुढं जाईना आणि मागंही येईना.

तेवढ्यात गर्दीत कुणाचा तरी फोन वाजायला लागला. वाजायला म्हणजे बोलायला. आज्जीचा आवाज. "वटी भरताना बाई उठत न्हाई. त्येनी त्येच हेरलं." मग दुसऱ्या फोनमधून तेच, थोडं मागं. हलगी थांबली. बायका एकमेकींच्या फोनमध्ये डोकावत होत्या. आईनं शेजारणीचा फोन घेतला, बघितला, स्वतःला ओळखलं. तिचा चेहरा मी तुला सांगणार नाही. वीरधवल ओरडला, "अंके! काय टाकलंस हे?"

मी तांदूळ ताटात परत टाकले. म्हटलं, "खरं टाकलंय. दादा, मी नाही भरणार." सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि आज्जी उठली. हात टेकून, गुडघा धरून, सावकाश. कुणी आधीच घाई करून घातलेले चार तांदूळ, एक हळकुंड पदरातून खाली पडलं. आई घाबरली. सवयीनंच तिच्या तोंडून गेलं, "आवं मावशी, बसा, बसा! वटी भरताना उठत न्हाईत."

आज्जी म्हणाली, "म्हनूनच उठली."

पदर झटकला, खांद्यावर घेतला आणि घरात गेली. दार लावलं नाही. साठ बायका उंबऱ्याबाहेर उभ्या, आत कुणी पाऊल टाकलं नाही. मग एक एक मागं वळली. पाटापाशी कोंबड्या तांदूळ टिपत होत्या.

पालखी निघाली, बुरजापर्यंत गेली, आज्जीशिवाय. फ्लेक्स अजून आहे. तो मी आज दुपारी स्वतः उतरवणार आहे, अडवलं तर भांडणार आहे. आबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. काल माझ्यासमोर एवढंच म्हणाले, तेही आईकडं बघून, "हिला सांग, ह्या घरात पुन्हा यायचं न्हाई." डोक्यावर हात ठेवला होता तो महिनाभर टिकला. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा आई जिन्यात बसून रडत होती. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिला खुनी काढलंय, बघेल कशाला?

रात्री तुमच्याच ओसरीवर झोपले. आज्जीनं वाकळ टाकली. माफ केलं का, असं विचारायला तोंड उघडलं तर म्हणाली, "भाकरी खा." तेवढ्यावर मी काही अर्थ लावत नाही.

पेजवर शिव्या येतायत, धमक्या येतायत, काही चांगलंही आहे. शेवटचा फुगा मी रिकामा ठेवलाय, तू सांगितला होतास तसा. त्यात काय लिहायचं ते आज्जी काल बोलून गेली, पण ते लिहायचं की नाही हे तू ठरव. तुझं नाव तुला विचारल्याशिवाय पेजवर परत लावणार नाही.

आज सकाळी आज्जीला म्हटलं, साक्षीला पत्र लिहिते. ती म्हणाली, "लई लिवलीस. ती उद्या जयंतीला येतीया. म्होरं हुबी ऱ्हा तिच्या."

म्हणून हे पत्र टाकत नाही. तू उद्या सकाळच्या कडेगाव गाडीनं उतरशील. मी फाट्यावर असेन, हे हातात घेऊन. तू थांबली नाहीस, बघितलं नाहीस, तरी चालेल. फाट्यावर बसायला दगडी कट्टा आहे, आपण दोघी कॉलेजची गाडी येईपर्यंत त्यावर बसायचो. उद्या मी त्यावर बसणार नाही.

अंकिता